आमच्याकडून हरकत नाही

हृदयवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, आमच्याकडून हरकत नाही. फुप्फुसवाल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडूनही नाही. मूत्रपिंडवाला तर दारातूनच मान हलवून पुढे गेला. एवढ्या शहाण्यांची हरकत नाही म्हटल्यावर अर्विड होक्कानेनला घरी सोडायला काय अडत होतं? अडत होतं एकट्या मारितच्या मनात. आणि मनातल्या गोष्टीला डुलुथ नावाच्या त्या बर्फाळ गावातल्या इस्पितळात खाट मिळत नाही.

मारित सोलहाइम ही वॉर्डाची डॉक्टर. तिचा बाहेर दवाखाना नाही, दारावर पाटी नाही, वर्षानुवर्षांचे पेशंट नाहीत. माणूस भरती झाला की तिचा, आणि घरी गेला की परका. एक आठवडा सलग राबायचं, पुढचा आठवडा सुट्टी, हा तिचा धर्म. बाकीचे तज्ज्ञ येतात, आपापला अवयव बघतात आणि वाटेला लागतात. ते सगळे अवयव मिळून जो माणूस होतो, तो मात्र हिच्या गळ्यात.

आज तिच्या आठवड्याचा शेवटचा दिवस. उद्या ओबिना नावाचा डॉक्टर हाच वॉर्ड घेणार. त्याला अर्विड म्हणजे न्यूमोनिया बरा झालेला, हृदयाचे ठोके ताळ्यावर आलेला, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला एक म्हातारा. सगळ्यांनी हिरवा कंदील दाखवलेल्या माणसाला तो कशाला थांबवील? म्हणजे जे काय ठरवायचं ते आजच, आणि तेही हिनेच.

आणि ठरवायला सवड कुठे होती? कमरेचा पेजर सारखा किणकिणत होता. चार्ज नर्स लोरेन, जिच्या हातात खाटांचा सगळा कारभार, ती सकाळपासून मारितच्या मागे हात धुऊन लागली होती. खाली इमर्जन्सीत माणसं स्ट्रेचरवर ताटकळलीत आणि तू एका बऱ्या झालेल्या माणसाला कुरवाळत बसलीयेस, असं तिने चारचौघांत सुनावलं. बरोबरच होतं म्हणा तिचं. खालची माणसंही कुणाची तरी होतीच की.

सकाळच्या फेरीत मारितने अर्विडला विचारलं होतं, काही त्रास? तो म्हणाला, वाईट नाही. तपासणीत रक्ताचं प्रमाण कालच्यापेक्षा जरासं उतरलेलं दिसलं म्हणून ती पुन्हा आली, पुन्हा विचारलं. काही नाही, उगाच तुमचा वेळ घेतोय, असं म्हणून तो हसला. सलाईनने रक्त पातळ दिसतं, असं मूत्रपिंडवाल्याचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. त्याची बायको व्हर्ना कोपऱ्यात बॅग भरून तयार बसली होती. रस्त्यावर बर्फ फार नाही ना, गाडी नेता येईल ना, एवढं मारितने तिला विचारलं. ती हो म्हणाली. मारितने सोडायचा हुकूम दिला.

दिला खरा, पण पुढच्या खोलीतल्या बाईची छाती तपासताना तिचं लक्ष लागेना. कानात नळ्या, डोक्यात अर्विड. काहीतरी राहिलंय, काहीतरी राहिलंय. आणि मग तिला आठवलं. हा म्हातारा जुन्या वळणाचा. कुणी बाई खोलीत आली की ऑक्सिजनची नळी सांभाळत का होईना, पण उठून उभा राहायचा. नर्सा त्याला ओरडायच्या तरी ऐकायचा नाही. आज मारित दोनदा गेली आणि तो दोन्ही वेळा बसूनच राहिला.

त्या बाईची माफी मागून ती बाहेर आली, तर अर्विड कोट-टोपी घालून चाकाच्या खुर्चीत लिफ्टपाशी पोचलेला. खुर्ची ढकलायला खुद्द लोरेन.

त्या मुलखात माणसाला कॉफी विचारली की तो नको म्हणतो. पुन्हा विचारलं की म्हणतो, माझ्यासाठी कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारावं, तेव्हा कुठे म्हणतो, बरं, केलीच असेल तर अर्धा कप द्या. पहिल्या नकारावर किटली आत नेणाऱ्या घरात पुन्हा कुणी पाऊल ठेवत नाही. मारित तिथलीच, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पण इस्पितळात शिरलं की सगळ्यांच्या पायाला चाकं. दुखतंय? नाही. चला पुढे. तीही दोनदाच विचारून मोकळी झाली होती, आणि दोनदा म्हणजे काहीच नाही.

लोरेनने लिफ्टचं बटण दाबलं. मारित खुर्चीपुढे सरळ जमिनीवर बसली.

"अर्विड, मला आज काही घाई नाही," ती धादांत खोटं बोलली. पेजर वाजत होता, तो तिने मुठीत दाबून धरला. "खरंच काही होत नाहीये ना तुम्हाला?"

अर्विडने बुटांकडे बघितलं. "आता तुम्ही एवढं विचारताच आहात तर... कालपासून शौचाला काळं होतंय. अगदी डांबरासारखं. आणि उभं राहिलं की जरा गरगरतं. पण तसं वाईट नाही."

लिफ्ट आली, दार उघडलं. लोरेनने खुर्ची माघारी वळवली आणि जवळजवळ पळतच निघाली.

मग एकच धावपळ झाली. उभं केल्यावर त्याचा रक्तदाब धाडकन खाली आला. पातळ करायची गोळी बंद केली, बाहेरचं रक्त चढवलं, पोटाच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं तर जठरात जखम, आणि तिच्यातून रक्त वाहतंय. रक्त गेलं की नाडी धावायला लागते, पण हृदयाच्या औषधाने ती आवरून धरलेली, म्हणून कुणाला संशय आला नाही. जखम बंद झाली. हा बर्फातल्या रस्त्यावर असता तर घरी पोचला नसता, पोटाचा डॉक्टर म्हणाला. तोवर खिडकीबाहेर अंधारलं होतं.

ओबिनाला सगळं फोनवर समजावून सांगितल्यावर मारित निरोप घ्यायला गेली. खोटं कशाला बोला, तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. अर्विड झोपला होता. व्हर्ना उठून बाहेर आली आणि तिने खोलीचं दार ओढून घेतलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "कालच सांगितलं त्याने मला. म्हणाला, बोलू नकोस, उगाच ठेवून घेतील. मी त्याची बॅग भरली."

मारितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मग मला का नाही सांगितलंत? माणूस गेला असता तुमचा."

"तुम्ही रोज यायचात," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्याला विचारायचात, यंत्रांकडे बघायचात. माझ्याकडे वळून रस्ता कसा आहे म्हणायचात आणि जायचात. सगळे तसेच. मी त्याच खोलीत होते ना, डॉक्टर? मला तिसऱ्यांदा विचारायची गरज नव्हती हो. एकदाच पुरलं असतं."

लाजेने मारितचे कान तापले. घरी जायला काढलेली गाडीची किल्ली तिने पुन्हा खिशात टाकली आणि व्हर्नाशेजारच्या बाकावर बसली.