एकही ठिपका नसलेला लाल

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट गेल्या शनिवारचीच आहे. आपल्या रेव्हरंड होझियाची म्हणून सुरू करतोय, पण आहे ती त्याच्या बायकोची, व्हर्लीनची.

व्हर्लीनने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ती टेबलापासून मागे सरकली. जत्रेच्या मैदानावर सापांचा बाजार भरलेला तो पत्र्याचा हॉल कॅरोलायनाच्या उन्हात तापला होता. मागेही टेबलंच होती, टेबलांवर डबे, आणि प्रत्येक डब्यात काहीतरी हलत होतं.

"चावत नाही, मॅम," साप विकणारी क्लीटा म्हणाली. "कॉर्न स्नेक आहे. विष नाही, राग नाही."

"ईव्हलाही सापाने असंच गोड बोलून गुंडाळलं होतं," व्हर्लीन म्हणाली.

होझिया हसला. आवाज फुटला नाही, नुसते खांदे हलले. रविवारी बोलता बोलता गाऊ लागणारा, अख्ख्या चर्चला बाकांवरून उठवणारा तो गळा आता कुजबुजण्यापुरता उरलाय. घशातली गाठ येत्या मंगळवारी काढायची आहे. त्यापुढचं डॉक्टर बोलले नाहीत, आणि व्हर्लीनने विचारलं नाही.

त्याला साप हवा होता. लाल, एकही ठिपका नसलेला. लहानपणी मक्याच्या कोठारात तसला एक निघाला होता. वडिलांनी तो कुदळीने ठेचला, तेव्हा कंदील होझियाने धरला होता.

"जन्मभर प्रवचनात सापाला शिव्याच घातल्या मी," तो कुजबुजला. "एकाला तरी घरी जेवायला बोलावू."

"आणि जेवायला काय वाढू त्याला?"

"गोठवलेले उंदीर," क्लीटा म्हणाली. "फ्रीजरमध्ये ठेवायचे."

"माझ्या भेंडीशेजारी? प्रभू येशू!"

क्लीटाने पेटीतून एक मोठा साप काढून होझियाच्या हातावर ठेवला. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच लाल, वेदीवरच्या मखमलीसारखा. तो सावकाश त्याच्या मनगटाभोवती वळला.

"शांत आहे, खातो नीट. नवख्या माणसाला याच्याइतका चांगला दुसरा नाही. पहिल्यांदाच पाळताय ना, रेव्हरंड?"

"मी नाही," होझिया म्हणाला. "ही."

व्हर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. तो सापाकडेच पाहत होता.

"किती वर्षं जगतात?" त्याने विचारलं.

"वीससुद्धा. घरात सोबत होते."

व्हर्लीनच्या हातातून पट्टा सुटला. पर्स पायाशी पडली, तिने उचलली नाही. मग तिने एका छोट्या डब्याकडे बोट केलं. आत करंगळीपेक्षाही बारीक पिल्लू होतं, अंगभर ठिपके.

"आणि हे?"

"याचंच पिल्लू. ठिपके हळूहळू विरतात. पूर्ण लाल व्हायला तीन-चार वर्षं तरी लागतील. पण नवख्यांना नाही देत मी, मॅम. खायला नखरे करतं, फार जपावं लागतं."

"हेच द्या."

"व्हर्ली," होझिया म्हणाला, "मला लाल हवा होता."

"होईल की लाल." ती डब्याजवळ सरकली. "तोवर थांब."

तिने स्वतःच झाकण काढलं, डोळे मिटले आणि हात आत घातला. पिल्लू गार होतं. ते तिच्या बोटाला वेटोळं घालून बसलं. घामाने तिची मान भिजली, पण तिने हात मागे घेतला नाही.

"ठिपक्यांवर लक्ष तू ठेवायचंस. उंदीरही तूच भरवायचेस. मला यातलं काही येत नाही, आणि मी शिकणार नाही. ऐकलंस?"

होझियाने मोठा साप क्लीटाकडे परत दिला. मग त्याच्या घशाच्या तळातून बारीक गुणगुण निघाली. प्रवचन गाण्याकडे वळायच्या आधी निघायची, तीच. व्हर्लीन डोळे मिटूनच ऐकत राहिली.

उठण्याआधी एवढंच मागतो. मंगळवारसाठी प्रार्थनेत होझियाचं नाव सगळेच घेतील. तुम्ही गुडघे टेकाल तेव्हा व्हर्लीनचीही आठवण करा.