हौदाला बांधलेला पट्टा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा हात उगारायच्या आधी शर्टाच्या बाह्या दुमडतो. एकदा माझ्यासमोर दुमडल्या. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उभी राहिले, तेव्हा दात काढून म्हणतो कसा, "काय ताई, उकडतंय." उकडतंय म्हणे! मेल्या, थंडीचे दिवस होते.

आई गेल्यावर धाकटीला मी वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, शाळेत तिला चिमटे काढणाऱ्या पोरीच्या घरी जाऊन भांडून आले. आणि ही माझी पोर आता तो बाही दुमडताना दिसला की भिंतीला चिकटून उभी राहते. "माझ्याकडे ये" म्हणून म्हणून माझ्या जिभेला फोड आले. तिचं आपलं एकच. "तो तसा वाईट नाहीये गं ताई. डोकं फिरतं त्याचं पटकन. पण नंतर इतका रडतो ना!" सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या रडण्यात काय जादू होती कोण जाणे, दर वेळी ही विरघळायची आणि सुजलेल्या तोंडाने त्याचेच डोळे पुसायची.

उन्हाळा तोंडावर आला तसे आमच्या जावईबापूंना परसात पोहायच्या हौदाचे डोहाळे लागले. त्यांच्या साहेबाकडे आहे, मग आपल्याकडे नको? जमिनीवर उभा करायचा गोल हौद, भोवती पत्र्याची भिंत, आत निळं प्लास्टिक. कुणाचा तरी जुना, सोडवून ठेवलेला पत्रा स्वस्तात उचलून आणला. जिथे त्याची दोन टोकं बोल्टांनी जोडायची, तिथे भोकांना गंज चढलेला. परसाची जमीन मागच्या कुंपणाकडे उतरती. विकणारा बजावून गेला होता, "साहेब, उंच बाजू खणून खाली आणा. खोल बाजू भरू नका. भरलेली माती बसते."

पण खणायला कंबर मोडावी लागते. जावईबापूंनी कुंपणाकडे माती ओतली, वर वाळू पसरली, पायाने थोपटली, झालं! मी म्हटलं, "अहो, एवढं पाणी त्या भुसभुशीत मातीवर उभं राहणार आहे."

"ताई, तुम्ही ट्रकवर सोफे बांधा. हे राहू द्या."

बांधतेच मी सोफे. फर्निचरच्या गोदामात माल चढवते, आणि माझ्या हातचं बांधलेलं कपाट आजवर वाटेत पडलेलं नाही.

व्हायचं तेच झालं. महिनाभरात माती बसली, पाण्याचा सगळा भार कुंपणाकडे गेला आणि पत्र्याला नगाऱ्यासारखं पोट सुटलं. धाकटीचा फोन आला. "ताई, गोदामातला पट्टा आणशील? माल बांधायचा? हा म्हणतो, मीच नळ जास्त वेळ सोडला." चोराच्या उलट्या बोंबा! गेले तर तिच्या ओठाला चीर.

मी त्याला तोंडावर सांगितलं, "हौद रिकामा करा, खणा आणि पुन्हा उभा करा. पट्ट्याने काही होत नाही."

"बांधायचा तर बांधा, नाहीतर चालू लागा," तो म्हणाला. धाकटीने मागून माझा दंड धरला. तो हौद फुटला तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. म्हणून मी बांधला. अख्ख्या हौदाभोवती पट्टा फिरवला आणि तो आवळायचा खटका पाणी गाळायच्या पंपाशेजारी घेतला. त्याचा दांडा मागेपुढे केला की पट्टा आवळत जातो. सोडायचा तर खटक्याची जीभ ओढून दांडा पार उलटा पाडायचा. पण ताणलेला पट्टा सोडताना दांडा असा उसळतो की हाडाचा चुरा होतो. म्हणून आमच्याकडे भरल्या ताणाचा खटका कुणी हाताने उघडत नाही.

त्यानंतर हौद त्याचा आणि राबणं हिचं. रोज जाळीने पानं काढायची, तळ घासायचा, गाळणी धुवायची, क्लोरीन टाकायचं. पाणी गढूळलं की एक थप्पड, हिरवं झालं तर विचारूच नका. आणि एका रविवारी त्याने साहेबाला सहकुटुंब पोहायला बोलावलं. दोन दिवस आधी फोनवर बोलताना घरघर नको म्हणून त्यानेच पंप बंद केला होता, आणि पंपाला हात लावायचा नाही असा धाकटीला दम भरला होता. पाण्यावर शेवाळ धरलं. साहेबाच्या बायकोने नाकाला रुमाल लावला आणि मंडळी सरबत न घेताच निघून गेली.

हे मला नंतर कळलं. त्या रविवारी दुपारी मी धाकटीला फोन करत होते, ती उचलत नव्हती. तिसऱ्यांदा वाजून बंद झाला तशी मी निघाले.

बाजूच्या फाटकातून आत शिरले आणि पाण्याचा आवाज ऐकला. पोहण्याचा नव्हता तो. हौदाच्या मधोमध तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता, बाह्या दुमडलेल्या. धाकटीचे केस त्याच्या मुठीत होते. त्याने तिचं डोकं वर काढलं. "हिरवं आहे ना? पी! पी सगळं!" तिने श्वास घेतला न घेतला तोच पुन्हा खाली दाबलं.

मी किंचाळले. त्याने पाहिलंसुद्धा नाही. शिडी त्याने आत ओढून घेतली होती. मी जाळीचा लांब दांडा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा घातला तो त्याने धरला आणि असा हिसकला की मी पत्र्यावर आपटले. काठावर चढायला गेले तर त्याने येऊन माझ्या तोंडावर ठोसा मारला, एका हाताने तिला बुडवलेलीच ठेवून. माझा दात तुटला. मी पाठीवर पडले, आणि खालून मला फक्त पत्र्यावर तिच्या पायांचे ठोके ऐकू येत होते. धाड, धाड, धाड. मग ते हळू झाले.

देवा शपथ सांगते, त्या क्षणी मला तो मेला तरी चाललं असतं.

रांगत खटक्यापाशी गेले. जीभ ओढली, दांड्यावर सगळं अंग टाकलं. दांडा उसळला आणि माझा अंगठा उलटा, मनगटाकडे वळला. पट्टा सूं करून सुटला. आणि काहीच झालं नाही. पत्रा उभाच!

"फूट ना, मेल्या!" मी ओरडले आणि त्या सुटलेल्या पोटावर लाथ घातली. एक बोल्ट गोळीसारखा उडाला. मग दुसरा, मग सगळे, आणि पत्रा फाटकासारखा उघडला.

पाण्याने मला कुंपणापर्यंत फरफटत नेलं. डोळे उघडले तेव्हा धाकटी चिखलात पालथी पडली होती. मी तिला कुशीवर वळवलं, पाठीत गुद्दे घातले. हिरवं पाणी ओकली, खोकली, आणि लहानपणी रडायची तशी भोकाड पसरून रडली. मी तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसलं.

तो पत्र्याच्या खाली अडकला होता. नडगी मोडून हाड बाहेर आलेलं. "माझा हौद!" तो बोंबलत होता. "सटवे, हौद फोडलास माझा!" मग त्याची नजर पायाकडे गेली, आणि आवाज बदलला. "ए, ऐक ना... चुकलं गं माझं. मला तुझ्याशिवाय कोण आहे?" आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

धाकटी उठून बसली. त्याच्याकडे बघत राहिली. तो चेहरा मला पाठ होता. आता ही जाणार, पदराने त्याचे डोळे पुसणार, आणि माझा अंगठा फुकट गेला. कुंपणापलीकडे शेजारी अँब्युलन्सला फोन करत होते.

तिने माझा चांगला हात घट्ट धरला.

"हा रडायला लागलाय, ताई," ती म्हणाली. "चल लवकर. नाहीतर मी थांबेन."

मी तिला उठवलं. गाडीत बसेपर्यंत तिचं मनगट सोडलं नाही.