राखाडी धागा

मासळीच्या वखारीत, माळ्यावरच्या सगळ्यांचे हात थांबले होते आणि थांबल्याचं कुणी कबूल करणार नव्हतं. विग्दिस दोरीचं भेंडोळं उलगडून पुन्हा गुंडाळत होती, आणि इटलीहून आलेला व्यापारी ओत्ताव्यो खिडकीबाहेरच्या धुक्याकडे असा बघत होता, की जणू तेच त्याला विकत घ्यायचं आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, टोपी हातात धरून, हिल्मार उभा होता. ज्याचा माल निवडीच्या टेबलावर आहे त्याने माळ्यावर चढायचं नाही आणि तो माल कुणाचा हे निवडणाऱ्याला कुणी सांगायचं नाही, असा स्कार्वोय बेटाचा रिवाज होता. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता. बहुधा म्हणूनच आजवर कुणी तो मोडला नव्हता.

निवड करणाऱ्या येन्टोफ्टने मान वर केली नाही. वाळून लाकडासारखा टणक झालेला कॉड मासा त्याने दोन्ही हातांत धरला होता आणि नाक माशाच्या मानेपाशी नेलं होतं, जिथे त्याच्या साऱ्या हिवाळ्याची हकिगत मुरलेली असते. माल कुणाचा हे त्याला हिल्मार जिना चढण्याआधीच कळलं होतं. शेपटीला शेपटी बांधलेल्या त्या जोड्यांची गाठ एका अंगाला कलली होती. डाव्या करंगळीचं पेर यंत्रात गमावलेला माणूसच तशी गाठ मारतो, आणि ती गाठ त्याने शेजारच्या बाकावर अठ्ठावीस वर्षं पाहिली होती.

"बस कुठेतरी," शेवटी तो म्हणाला. "आलाच आहेस तर."

"उभाच बरा आहे."

"गुडघा सुधारला वाटतं."

"गुडघा कधीच मेला. मी उभा आहे."

मागे कुणीतरी हसलं आणि ते लपवायला लगेच खोकलं.

टेबलापलीकडे, भिंतीला लागून, हिल्मारचा सबंध मोसम छतापर्यंत रचलेला होता. लांगनेसच्या वखारीतून निवृत्त होताना हाती आलेलं सगळं त्याने मुलाच्या बोटीत घातलं होतं, आणि बोटीने मार्चमध्ये आणलेलं सगळं या ढिगात होतं. येन्टोफ्टने निळा धागा बांधला, तर माल ओत्ताव्योबरोबर इटलीला जाणार. लाल बांधला, तर रडतखडत का होईना, वर्ष निभावणार. राखाडी धाग्याचा अर्थ एकच होता: मासा हिव खाल्लेला आहे, वाळण्याआधी आतून गोठून फुटला आहे, आणि त्याला चांगल्या ताटात जागा नाही. राखाडी पडला की बोट जाणार, आणि बोटीमागोमाग मुलगा दक्षिणेला, समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर.

हे माळ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. येन्टोफ्टने ते ठाऊक नसल्यासारखं करत दुसरा मासा उचलला.

अक्षरं त्याच्या डोक्यात कधी टिकली नाहीत. शाळेत मास्तरांनी दोन वर्षं प्रयत्न केला आणि मग त्याला शेगडीजवळच्या बाकावर बसवलं. इतर मुलं वाचत, तेव्हा तो लाकडं आणी. शाळा सुटली ती चौदाव्या वर्षी, पण खरं तर तो तिच्यात शिरलाच नव्हता. लांगनेसच्या वखारीत मात्र तो दुसऱ्याच हिवाळ्यात शहाणा ठरला. डोळे मिटून तो सांगे, हा मासा कुठल्या आठवड्यात वाळवणीच्या मांडवावर चढला, कुठल्या पावसात भिजला, कावळ्यांनी त्याला चोच लावली की नाही. मान शाबूत, पोटाला डाग, वास स्वच्छ, असं तो पुटपुटे आणि शेजारी बसलेला हिल्मार तक्त्यात लिहून घेई. हिल्मारचं नाक तंबाखूने कधीच बोथटलं होतं, तेव्हा त्याचेही मासे येन्टोफ्टच हुंगे. एकाचं नाक, दुसऱ्याची लेखणी: दोघांचा मिळून एक उत्तम निवडणारा होत असे, आणि पगार दोघांना मिळे.

मग वखारीची नवी व्यवस्थापक म्हणून सुन्निवा आली. दक्षिणेत शिकलेली, सरळ स्वभावाची बाई. तिने एका सोमवारी सगळ्यांना जेवणघरात बसवलं आणि प्रत्येकापुढे एक छापील कागद ठेवला. स्वच्छतेविषयी वीस प्रश्न होते. साधे आहेत, असं ती हसून म्हणाली. येन्टोफ्ट त्या कागदाकडे चाळीस मिनिटं बघत राहिला. ओल्या लोकरीचा, जळक्या कॉफीचा, नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलींचा वास तिथे कोंडला होता. त्याने फक्त एकदा शेजारी पाहिलं. हिल्मार लिहीत होता, आणि त्याचा डावा हात, तुटक्या करंगळीचा, कागदाभोवती कुंपणासारखा पडला होता.

"तुझ्या नाकाविषयी मला शंका नाही," सुन्निवा नंतर म्हणाली होती, आणि तिचे डोळे खरोखरच ओले होते. "पण तपासणीला येणारा माणूस कागद मागतो. त्याला मी तुझं नाक कसं दाखवू?"

येन्टोफ्टला कामावरून काढलं, त्याला नऊ वर्षं झाली.

त्या हिवाळ्यात त्याला कुणी दारात उभं केलं नाही. आल्फहिल्ड, त्याची बायको, त्याआधीच्या शरदात गेली होती. घरात तिची विणकामाची टोपली होती आणि टोपलीत कुणासाठी तरी आणलेली लोकर. वसंतात त्याने एक पडकं नौकाघर भाड्याने घेतलं आणि मोठ्या वखारी ज्यांना दारात उभं करत नसत, त्या छोट्या होड्यांचा माल उचलायला सुरुवात केली. निवड तर केली, पण चिठ्ठ्या लिहिणार कोण? तेव्हा त्याने टोपली पुढे ओढली आणि बापाने शिकवलेल्या जाळ्याच्या गाठीने शेपट्यांना धागे बांधले. ओत्ताव्यो पहिल्यांदा ते पाहून पोट धरून हसला. "हे मासे आहेत की नाताळच्या भेटी?" असं त्याने विचारलं, आणि केवळ गंमत म्हणून तीन गठ्ठे नेले. पुढच्या मे महिन्यात तो स्वतः होऊन आला. पाण्यात भिजवल्यावर एकूण एक मासा धाग्याने सांगितला तसाच निघाला होता. त्याच्याकडची गिऱ्हाइकं आता दर्जा विचारत नव्हती, निळा आहे का विचारत होती.

आता ही तीन मजली वखार येन्टोफ्टची होती. लांगनेसचा मालसुद्धा निवडीला इथे येई, सुन्निवाच्या सहीच्या कागदांसकट, आणि ते कागद निवड झाल्यावर विग्दिस वाचून दाखवी. ती त्याच्या बहिणीची मुलगी. निळी आणि लाल लोकर दुकानातून पेटीने यायची. राखाडी तेवढी अजून आल्फहिल्डच्या टोपलीतली होती, कारण तिची गरज क्वचितच पडे.

पण या नऊ वर्षांत त्याने बेटावरच्या एकाही घरी कॉफी घेतली नव्हती. ज्याच्या स्वयंपाकघराचा वास आपल्या कोटात बसला, त्याचा मासा आपल्याला नीट हुंगता येणार नाही, असं तो सांगे. लोकांनी आधी आग्रह सोडला, मग बोलावणं सोडलं. धक्क्यावर तो दिसला की बायका आवाज उतरवत, जणू त्यांच्या बोलण्यालाही वास असावा. त्याचं सगळं काही त्या नाकावर उभं होतं, आणि त्या नाकामागे तो हळूहळू एखाद्या बंद दुकानासारखा होत गेला होता.

"मामा," विग्दिस हलकेच म्हणाली, "हाच मासा तू तिसऱ्यांदा हुंगतोयस."

"मोजायला ठेवलंय का तुला?"

ती पुन्हा दोरीकडे वळली. त्याने अंगठा मानेखाली रोवला. मांस किंचित दबल्यासारखं वाटलं, हिव खाल्लेलं दबतं तसं. मग वाटलं, दबलं नाही, आपणच जोर केला. त्याने पुन्हा नाक टेकवलं. वारा आला, मीठ आलं, मांडवाच्या लाकडाचा कडसर वास आला, आणि त्यांच्या मागून, जिथे हिव आहे की नाही ते कळायचं, तिथून ओली लोकर आली. जळकी कॉफी. पेन्सिलीचा भुसा. त्याने चौथा उचलला, पाचवा उचलला. प्रत्येक माशाच्या मानेत तेच जेवणघर होतं.

"मंगळवारी टांगलेत," हिल्मार म्हणाला. "थंडी उतरली गुरुवारी. दोन दिवस कातडी सुकायला पुरतात."

"मी काही विचारलं नाही."

"बाकी सगळ्यांनी त्या आठवड्यात मिठात घातले, ठाऊक आहे मला. त्यांना आभाळाची भीती वाटली. मला वाटलं, वारा वायव्येचा आहे, तोवर हवा धरेल."

"वाटलं तुला."

"हो. वाटलं. तुझ्यासारखं नाक नाही ना, मग वाटण्यावरच चालवावं लागतं." हिल्मारने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तो सोमवार अजून तुझ्या नाकात आहे, येन्टोफ्ट."

"कुठला सोमवार?"

"चल, पोरासारखं करू नकोस. बाई समोर बसली होती. माझा हात हलला असता तर दोघेही बाहेर पडलो असतो, आणि माझं पोरगं तेव्हा बारा वर्षांचं होतं. मी नऊ वर्षं हे तुला सांगायला येतोय. दारापर्यंत येतो आणि परत जातो."

येन्टोफ्टने मासा टेबलावर ठेवला.

"करवत काढ," हिल्मार म्हणाला.

विग्दिसचे हात थांबले. भिंतीवर, दिनदर्शिकेच्या मागे, एक करवत टांगलेली होती. शंका असेल तर ढिगातला कुठलाही एक मासा काढायचा, तो मधोमध कापायचा आणि पोटातला रंग सगळ्यांनी बघायचा, हाही रिवाजच होता. आत पांढरं, जाळीदार निघालं तर हिव, मधासारखं पिवळं निघालं तर निर्दोष. नऊ वर्षांत ती कुणी मागितली नव्हती. दात गंजले होते.

ओत्ताव्यो खिडकीपासून वळला. "कापा की," तो मोकळेपणाने म्हणाला. "मला बोट संध्याकाळची आहे."

करवत हाताच्या अंतरावर होती. येन्टोफ्टला दोन्ही रंग दिसत होते, पांढरा आणि पिवळा, आणि आत कुठला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. पांढरा निघाला तर काहीच बिघडणार नव्हतं. पिवळा निघाला, तर निर्दोष मासा आपल्याला ओळखता आला नाही हे सगळ्यांना दिसेल, आणि उद्यापासून प्रत्येक ढिगापाशी कुणीतरी करवतीकडे बोट दाखवेल. मग धाग्याचा नुसता धागा होईल, आणि आपण पुन्हा त्या शेगडीजवळ, लाकडं आणायला. निळा बांधायचा विचारही त्याने करून पाहिला. पण उद्या तिकडे कुणाच्या पातेल्यात तो मासा भिजून चिंधी झाला, तर तेही तेच. लाल तरी कशाच्या बळावर बांधायचा? लाल म्हणजे मान्य करणं, की आपल्याला कळत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी, जिथे बघायची त्याची इच्छा नव्हती, तो हात अजूनही कागदाभोवती पडलेला होता.

त्याने टेबलाखालची टोपली पुढे ओढली. बोटं थेट तळाशी गेली. राखाडी लोकर मऊ होती, आणि तिला आता कसलाच वास नव्हता. त्याने वरच्या जोडीच्या शेपटीला धागा गुंडाळला, गाठ मारली, ओढून पाहिली. मग दुसऱ्या जोडीला. तिसऱ्या जोडीला विग्दिसने टोपली आपल्याकडे घेतली आणि धागे कापून द्यायला लागली. ओत्ताव्योने एकदाच मान डोलावली आणि वहीत काहीतरी खोडलं.

हिल्मार ते सगळं बघत होता. त्याने आवाज चढवला नाही.

"नऊ वर्षं तुझ्या शब्दावर सगळं बेट चाललं. मीही चाललो असतो. बोट गेली तर गेली. मला एकच सांग आणि मी उतरतो." तो शेवटची पायरी सोडून माळ्यावर आला. "करवत का नको होती तुला? मासा हुंगलास, की मला?"

येन्टोफ्टने अर्धवट बांधलेला धागा तसाच सोडला. खुंटीवरचा कोट काढला, तो अंगात घालण्याऐवजी हातावर टाकला, आणि हिल्मारच्या खांद्याला खांदा लागू नये एवढं अंग चोरून तो जिना उतरून निघून गेला.