आधी भाव सांग

बाजारात तोंडी सौदे होत, तेव्हा गिऱ्हाइकाचा चेहरा हेच दलालाचं भांडवल होतं. गिऱ्हाईक भाव विचारी, दलाल त्याच्या तोंडाकडे बघे आणि मग घेण्याचा एक नि देण्याचा एक, असे दोन भाव सांगे. मधली फट त्याची. गिऱ्हाईक जितकं घायकुतीला आलेलं, तितकी ती रुंद. याला तो लबाडी मानत नसे. चारचौघांत सांगतही नसे.

मग स्क्रीन आले. सगळ्यांचे भाव एकाखाली एक, सगळ्यांना दिसू लागले. यंत्रं कुणाच्या तोंडाकडे बघत नसल्यानं फट आपसूक बारीक झाली. गिऱ्हाइकं एकेक करून ॲपकडे गेली. जाताना चहालाही थांबली नाहीत. उरले फक्त त्याच्या ताईचे यजमान, तेलगिरणीवाले. तेही गेले, की ऑफिसच्या किल्ल्या घरमालकाला परत करायच्या होत्या.

गिरणीत माल भरून ठेवला आणि भाव कोसळले तर? म्हणून भावोजी दर हंगामात ऑप्शन घेत, म्हणजे ठरलेल्या दरानं माल विकायचा हक्क. फोन लागताच म्हणत, "घ्यायचेत रे, लवकर सांग." झालं. यापुढे भाव चढवायला डोकं लागत नसे.

मंगळवारी दुपारी ते स्वतःच आले. टेबलावर मोबाइल पालथा ठेवला.

"दोन्ही भाव सांग."

"घ्यायचेत ना, भावोजी?"

"ते नंतर. आधी भाव सांग."

दलालानं त्यांचा चेहरा न्याहाळला. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो कोरा होता.

"घेईन चाळीसला, देईन पंचेचाळीसला."

भावोजींनी मोबाइल सुलटा केला. "इथे बेचाळीस आणि बेचाळीस रुपये दहा पैसे."

"ते मशीन आहे. त्याला बहीण नाही."

"बहीण असून पाच रुपये! नसती तर सोलूनच काढलं असतंस."

"बरं, बेचाळीस आणि बेचाळीस वीस."

"मग इतकी वर्षं का नाही?"

"तुम्ही आधीच सांगायचात, घ्यायचेत म्हणून."

भावोजींनी मोबाइल पुढे सरकवला. "यातलं खरेदीचं बटण कुठलं? चष्मा घरी राहिलाय."

दलालानं आपल्याच बोटानं ते दाबलं.

"ताईला यातलं काही..."

"तिनंच पढवून पाठवलंय. म्हणाली, त्याला आधी काही कळू देऊ नका. लहानपणापासून असाच आहे."

किल्ल्या संध्याकाळी घरमालकाकडे गेल्या. भावोजी मात्र चहा घेऊनच उठले.