डाळिंबाच्या सालीचा रंग

तेरखेड्याच्या बाजूनं दणका आला तेव्हा शिवप्रिया चुलीपाशी होती. तांब्याच्या पातेल्यात डाळिंबाच्या सालीचं पिवळं पाणी होतं. हातातली लोकरीची लड तिनं त्यात सोडली आणि ती दारात आली.

तिकडच्या फटाक्याच्या कारखान्यात तिचा नवरा अमरनाथ कामाला होता. आधी तो घरच्या मागावर घोंगडी विणायचा. घोंगडी खपेनाशी झाली तेव्हा अर्धवट काम मागावरच सोडून तो तिकडंच राहायला गेला. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रंगीत शाली खपल्या तर तो परत येईल, या आशेनं तिनं मेंढवाडे पालथे घालून मिळेल तेवढी पांढरी लोकर जमवली होती.

तिनं फोन लावला. उचलला गेला नाही.

"बार तपासतेत रोजच," सासू रुद्रम्मा चरख्यावरून म्हणाली. "बस खाली."

"न्हाय आत्या, जाऊन येते. लडीकडं बघा तेवढं, उकळू देऊ नका."

रस्त्यावर टमटम उभी होती, तीत ती चढून बसली, पण भरल्याशिवाय टमटम हलेना. शिवप्रिया उतरली आणि चालायला लागली. मागून तीच टमटम आली, तेव्हा पुन्हा चढली. कारखान्याच्या फाटकावर राखणदारानं तिला आत सोडलं नाही. ती तिथंच येरझाऱ्या घालत राहिली.

अमरनाथ बाहेर आला. कोपरापर्यंत हात राखाडी झाले होते.

"आई बरी हाय न्हवं?"

"बऱ्या हायत. मोठा दणका झाला."

"नवा माल व्हता. उडवून बघितला." त्यानं तिचे पिवळे तळवे पाहिले. "एवढ्यासाठी आलीस?"

"व्हय. घरी चला."

"दिवाळी झाल्याबिगर सोडता येत न्हाय."

"मग फोन तरी उचला."

"आत नेऊ देत न्हाईत," तो म्हणाला आणि आत गेला.

ती घरी पोचली तेव्हा रुद्रम्मा लोखंडी कढईसमोर बसली होती.

"पातेलं गळाया लागलं, म्हणून समदं कढईत वतलं. लोखंडानं पिवळं खाल्लं बघ."

लड ओल्या पाटीसारखी काळपट हिरवी झाली होती. शिवप्रियाला रडू आलं, रागही आला. मग सासूचे पोळलेले हात दिसले. लड पिळून तिनं वाऱ्यावर टाकली. वाळेपर्यंत दहादा उठून पाहिली. वाळल्यावर तो रंग तिला आवडला, आणि आवडला म्हणून मघाशी रागावल्याची अजूनच चुटपुट लागली. राहिलेल्या लडीही मग तिनं त्याच कढईत घातल्या.

मागावर अमरनाथनं ताणून ठेवलेले काळे धागे तसेच होते. शिवप्रिया पहिल्यांदाच मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरली. पायाखालच्या फळ्या चुकत होत्या, कड वाकडी जात होती. रुद्रम्मा वरून सांगत राहिली.

सुट्टीच्या दिवशी अमरनाथ घरी आला. वीतभर शाल झाली होती. त्यानं कडेवरून बोट फिरवलं.

"हा रंग कशानं आला?"

"आत्यांनी काढला."

"सरक," म्हणत तो खड्ड्यात उतरला. दिवस मावळेपर्यंत विणत होता. जेवायलासुद्धा उठला नाही. पण सकाळी कारखान्याची गाडी आली, तसा डबा घेऊन निघाला.

"शाल खपली तर?" तिनं विचारलं.

"मग बघू," तो म्हणाला.

ती पुन्हा मागावर बसली. त्याची घट्ट वीण संपून तिची सैल वीण सुरू झालेली बोटाला कळत होती. उसवावी की तशीच ठेवावी, ठरेना. ती विणत राहिली.