धाकूचे वाक्य सांगणारा फळा

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, डिचोली तालुक्यातल्या मुळगावाजवळ, खाणीच्या मातीच्या ढिगाच्या पायथ्याशी आमची शाळा होती. फणसाच्या फळ्या जोडून एका सुताराने मला घडवले. रघुनाथ सर माझ्यावर इंग्रजी शिकवायचे. त्यांचे अक्षर पाहून तपासणीला आलेल्या साहेबांनीही माझे कौतुक केले होते.

गोवा राज्य झाले, त्या वर्षीच्या श्रावणातली ही गोष्ट. सर दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत कसे सांगावे, ते शिकवत होते. "घरातल्या कोणी बोललेले एक वाक्य सांगा," ते म्हणाले.

जानकी उभी राहिली. तिचे घर मूळचे सावंतवाडीकडचे.

"आज बाबान सांगितल्यान, फाल्या हय बसा नकात."

म्हणजे, उद्या इथे बसू नका. पण तिचे बाबा, धाकू, चैत्रातच खाणीत टिप्पर उलटून वारले होते.

"आज, जानकी?" सरांनी हळूच विचारले.

"होय सर. इथेच, शाळेच्या दारात उभे होते. भिजलेले."

सर तिला रागावले नाहीत. त्यांनी ते वाक्य इंग्रजीत माझ्यावर लिहिले आणि समजावले, "आपण सांगताना 'हय'चे 'थय' होते, 'फाल्या'चे 'दुसऱ्या दिवशी' होते." शेवटी त्यांनी लिहिले, धाकू टोल्ड देम. म्हणजे, धाकूने त्यांना सांगितले.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. सरांनी दाराला कडी घातली. तेव्हा माझ्यावर एक हात फिरला. खडूचा नव्हे, ओल्या, थंड बोटांचा स्पर्श. माणूस मला दिसला नाही. 'टोल्ड' पुसले गेले आणि तिथे तांबड्या मातीने, वाकड्या अक्षरांत उमटले, वॉर्न्ड.

सर परतले. ती तांबडी अक्षरे त्यांनी बोटाने चाचपली.

"हे कोणी लिहिले?"

जानकी म्हणाली, "बाबांक लिवूक येय नसा, सर."

ज्याला लिहिता येत नव्हते, त्याच्या त्या शब्दाचा अर्थ सांगायला सर मुलांकडे वळले. "बजावले," ते म्हणाले. मग त्यांनी दप्तरे आवरायला सांगितली. "उद्यापासून वर्ग देवळाच्या मंडपात."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ढीग सरकला. खिडक्यांपर्यंत माती भरली. बाके मोडली, भिंत पडली. आत माझ्याशिवाय कोणी नव्हते. आठ दिवस मी त्या अंधारात होतो. वर मुलांची हजेरी घेतल्याचा आवाज येत नव्हता, एवढेच मला खुपत होते.

मला काढले तेव्हा माझा एक कोपरा गेला होता. मंडपात टांगल्यावर जानकी पुढे आली. "बाबा आता येणत नाय," ती म्हणाली. सरांनी तिला खडू दिला. तिने खाली, बारीक अक्षरांत लिहिले, आम्ही सगळे वाचलो. सरांनी ते वर्षभर पुसू दिले नाही.

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे, ओलीने फुगलो आहे. जमले तर मला उन्हात ठेवा. पण त्याआधी एक करा. कोणाचे बोलणे पुढे सांगायचे असेल तर 'म्हणाला' एवढेच सांगून मोकळे होऊ नका. तो विनवत होता की बजावत होता, ते आधी नीट ऐका.