‘फ्रेल’साठी एक वाक्य

“हेही चालणार नाही, दाखलेकाका.” संपादिकाबाईंनी कार्ड टेबलावरून परत सरकवले. “आधी काचेचा पेला आणलात, मग जुनी खुर्ची, आज वाळकी फांदी. लोक ‘फ्रेल’ म्हणतात ते माणसाच्या देहाला. तुम्ही या शब्दाला सगळं जग फिरवून आणलंत, माणसाच्या दारात तेवढं नेलं नाहीत.”

“फांदीलाही म्हणतात, बाई.”

“म्हणतात की. पण तो अर्थ दुसऱ्या क्रमांकाचा. पहिल्याचं काय करू?”

दाखलेकाकांनी कार्ड उचलून खिशात ठेवले. इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीत सांगणाऱ्या त्या कोशाच्या कार्यालयात गेली एकतीस वर्षे ते एकच काम निष्ठेने करीत आले होते. अर्थ दुसऱ्यांनी लिहावा आणि त्याखाली, तो शब्द कसा वापरतात याचा दाखला म्हणून, एक वाक्य यांनी रचावे. म्हणून ते सर्वांचे दाखलेकाका. कार्डाच्या पुढच्या अंगाला मराठी वाक्य आणि त्यात इंग्रजी शब्दाच्या जागी रेघ. शब्द मागच्या अंगाला. कार्यालयाचा दंडक असा, की ज्याने शब्द पाहिलेला नाही अशा कोणाला तरी वाक्य वाचून दाखवावे. तीन प्रयत्नांत त्याने रिकामी जागा भरली तरच वाक्य उत्तीर्ण. शिवाय वाक्य लिहिणाऱ्याच्या घरातले नसावे, असाही एक अलिखित संकेत होता.

“निदान ‘वीक’हून हा वेगळा कसा, तेवढं कळू दे,” बाई मवाळ झाल्या. “तुम्हीच शिकवलंत आम्हाला. तापातून उठलेला पैलवानही वीक असतो, पण चार दिवसांनी परत दंड थोपटतो. ‘फीबल’मध्ये थोडी कीव येते, कधी हेटाळणीसुद्धा. आणि फ्रेल म्हणजे इतकं नाजूक, की पुन्हा भरून येण्याची...”

“माहीत आहे मला,” काका म्हणाले. बाईंचे बोलणे त्यांनी असे कधी मध्येच तोडले नव्हते.

नऊ दिवसांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी काकांच्या पत्नीच्या अहवालाखाली इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: रुग्ण अत्यंत फ्रेल असून शस्त्रक्रिया सोसू शकणार नाही. “मग किती काळ?” काकांनी विचारले होते. “महिने म्हणा. वर्ष म्हणू नका,” डॉक्टर म्हणाले होते. “त्यांना तुम्ही सांगता, की मी सांगू?”

“मीच सांगतो,” असे म्हणून काका बाहेर आले. बाकावर पर्स मांडीत धरून ती बसली होती. “काय म्हणाले हो?”

“थोडी वीक आहेस म्हणाले. अंगात ताकद आली, की ऑपरेशन करू.”

ज्याने जन्मभर नेमक्या शब्दाची उपासना केली, त्याने त्या दिवशी जाणूनबुजून चुकीचा शब्द उच्चारला. आणि तिने तो शिरसावंद्य मानला. जेवताना दोन घास बळेच अधिक घेऊ लागली. भिंतीला धरून दारापर्यंत चार खेपा घालू लागली. दूरदेशी असलेल्या धाकट्या बहिणीला बोलावू का, असे काकांनी सुचवताच म्हणाली, “ऑपरेशनच्या वेळी बोलवू. उगाच तिला दोनदा हेलपाटा नको.” ते ऑपरेशन कधीच होणार नव्हते. म्हणजे आपल्या एका शब्दापायी दोघी बहिणींची भेटही राहून जाणार, हे काकांना दिसत होते. पण तोंड उघडत नव्हते.

बाईंनी फांदीचे कार्ड परत केले त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती. मांडीवर कार्डांची लाकडी पेटी. शाळा तिची लवकर सुटली होती. जे काही इंग्रजी ती शिकली, ते या रिकाम्या जागा भरता भरता. भाजी निवडता निवडता तिने हजारो वाक्ये उत्तीर्ण केली होती. उत्तीर्ण कार्डे वर्णक्रमाने लावून, सुती फितीने गठ्ठा बांधणे हेही तिचेच काम. काकांची गाठ दोन दिवसांत सुटे. तिची सुटत नसे.

“आज तरी कार्डं आणलीत का? नऊ दिवस झाले. नापास केलंत की काय मला?”

काकांनी कार्डे काढली, वाक्याची रेघ आली की थांबत वाचू लागले. फुलाच्या वाक्याला तिने लगेच “फ्रेग्रंट” म्हटले. चित्राच्या वाक्याला “फ्रेम”. पुढचे वाक्य होते, ‘मी विचारले तेव्हा त्याने मला ____ उत्तर दिले.’

“फ्रँक. आडपडदा न ठेवता दिलेलं,” ती म्हणाली. “आणि हे वाक्य तुमच्या घरातलं नाही, एवढं नक्की.”

काका हसले नाहीत. तिनेही हसू आवरले.

“फ्रेग्रंट झालं, फ्रेम झालं. मधलं एक कुठाय हो?”

“ते... बाईंकडे राहिलं.”

“आणि डॉक्टरांचा कागद? तो मात्र जागच्या जागी ठेवलात.” तिने पेटीतला एफचा खण बोटाने पुढे केला. त्यात, फ्रेग्रंट आणि फ्रेम यांच्या दोन जाड विभाजकांमध्ये, अहवालाची चौघडी उभी होती. “लपवायचा होता तर पिठाच्या डब्यात टाकायचा. अहो, या पेटीला माझ्याशिवाय हात लावतं कोण?”

काका खुर्चीत बसले. कागद लपवतानाही हाताने एकतीस वर्षांची सवय सोडली नव्हती.

“वाक्य बरं लिहिलंय डॉक्टरांनी,” ती म्हणाली. “तो शब्द बोटाने झाकून वाचलं मी. पहिल्या झटक्यात ओळखला.”

“कधी वाचलंस?”

“झाले पाच दिवस.”

“अगं, मग त्या दारापर्यंतच्या खेपा? ते जास्तीचे घास?”

“तुम्ही मोजत होतात ना. चौथी खेप झाली की तुमचा चेहरा कसा उजळायचा!” तिने त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला. “पाच दिवस वाट बघितली, आज सांगाल, उद्या सांगाल. सगळं आयुष्य माझ्याकडून खरे शब्द वदवून घेतलेत, आणि माझ्या वेळी खोटा दिलात?”

काकांना रडू आवरेना. तिने त्यांना रडू दिले.

“धाकटीला दुपारीच फोन केलाय,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “परवा येतेय. आता डोळे पुसा आणि कार्ड घ्या. बाई किती दिवस थांबतील?”

“मला नाही जमत ते.”

“मी सांगते, तुम्ही लिहा. ‘तिचे हात फार ____ झाले होते, नुसत्या धक्क्यानंही मोडतील असे, तरी तिने मारलेली गाठ सुटली नाही.’”

“घरातलं वाक्य चालत नाही गं.”

“माझं नाव कुठे घातलंय मी त्यात? असल्या बायका काय जगात थोड्या आहेत?”

काकांनी लिहिले. शाई वाळल्यावर तिने कार्ड फ्रेग्रंट आणि फ्रेम यांच्यामध्ये लावले, गठ्ठा ठोकून सरळ केला आणि फीत गुंडाळली. बोटे दोनदा घसरली. काकांनी मदतीला हात पुढे केला. “राहू द्या,” ती म्हणाली. तिसऱ्यांदा गाठ बसली.

धाकटी आली, सात आठवडे राहिली. आठव्या आठवड्यात ती परत गेली तेव्हा घरात काका एकटेच उरले होते.

पुढे छापखान्याची घाई सुरू झाली. काकांनी एफचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला. गाठ पाहून बाईंनी कात्री उचलली.

“थांबा,” काका म्हणाले.

त्यांनी गठ्ठ्याच्या मधोमधचे एक कार्ड अंगठ्याने हळूहळू रेटून बाहेर काढले. मग दुसरे. मग तिसरे. फीत सैल होत गेली, तशी उरलेली कार्डे आपोआप निसटली. बाईंनी त्यांतले एक उचलले, शेजारच्या टंकलेखिकेला वाचून दाखवले आणि रेघेपाशी थांबल्या.

“फ्रेल,” ती काम न थांबवता म्हणाली.

बाईंनी कार्ड उलटून पाहिले आणि उत्तीर्णांच्या ढिगावर ठेवले. काकांचे तिकडे लक्ष नव्हते. फितीचे रिकामे वेटोळे त्यांनी तळहातावर घेतले होते. त्याची गाठ जशीच्या तशी होती. ते चुरगळणार नाही अशा बेताने त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवले, आणि चष्मा हातात धरूनच ते घराकडे निघाले.